कारणाचा रकाना

खोडरबर आता वाटाण्याएवढा उरला होता. चिमटीत धरला की त्याच्याआधी बोटांची नखंच कागदाला लागत, तरी तो टाकवत नव्हता, कारण त्याचा एक कोपरा अजून शाबूत होता आणि त्या कोपऱ्यानं एका चौकोनातलं एकच अक्षर पुसता येई, शेजारच्याला धक्का न लावता. नवा ड्रॉवरमध्ये होता, कागदाच्या वेष्टनासकट. पण नव्याला अंदाज नसतो, तो दिसेल ते पुसायला निघतो... असं काहीतरी मनात येऊन तो स्वतःशीच हसला, आणि शुक्रवारच्या चौकोनातला ‘स’ पुसून तिथे त्यानं ‘दु’ लिहिलं. सकाळची दुपार झाली. डोंगराकडच्या केंद्रातली एक सिस्टर उद्या सकाळी घरी थांबेल आणि जेवून कामावर येईल, कारण तिच्या न्हाणीघराची गळती काढायला उद्या सकाळी गवंडी येणार होता. ही गोष्ट जगात तिघांनाच माहीत होती — तिला, गवंड्याला आणि त्याला.

बावीस वर्षं तो हे करत आला होता. आरोग्य कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून एक खोली. खिडकीत एक जुना, काटा अडकलेला वजनकाटा. भिंतीवर हात कसे धुवावेत त्याचं चित्र, ज्यातला साबण उन्हानं पांढरा पडला होता. आणि खोलीच्या मधोमध टेबल, ज्याच्यावर ते टेबल दिसणारच नाही एवढा मोठा कागद. अकरा आरोग्य केंद्रं, चौसष्ट माणसं. डॉक्टर, सिस्टर, औषधं देणारे, रक्त तपासणारे, रुग्णवाहिका चालवणारे. कुणी कुठल्या दिवशी कुठल्या वेळी कुठे असायचं ते या कागदावर ठरे, महिन्याला एक कागद, पेन्सिलीनं. त्यामुळे सगळे त्याला तक्तेकाका म्हणत. बायकोही कुठे फोन केला की खरं नाव न सांगता ‘तक्तेकाकांच्या घरून बोलतेय’ म्हणे, आणि काम चटकन होई.

एक तारखेपासून हे सगळं विभागाकडे जाणार होतं. इथली अकरा आणि शेजारच्या चार कार्यालयांची मिळून एकावन्न केंद्रं एकाच विभागीय व्यवस्थापनाखाली येणार होती — औषधांची मागणी एकत्र, गाड्या एकत्र आणि ड्यूटीचे तक्तेही एकत्र, संगणकावर. विभागाच्या व्यवस्थापक मॅडम आज अकरा वाजता त्याच्याकडून तक्ता ताब्यात घ्यायला येणार होत्या. खालच्या मजल्यावरचे साहेब कालच येऊन सांगून गेले होते, “गोड बोला हं. आणि ते अर्ज पूर्ण करून ठेवा.”

अर्ज पूर्ण होते. म्हणजे... ज्या माणसाला ड्यूटीत काही कायमची सवलत होती, त्याच्यासाठी एक अर्ज भरायचा होता. चौसष्टांपैकी चौतीसजणांना ती होती. अर्जात सवलत कोणती, कधीपासून, किती काळ, असे रकाने होते, आणि सगळ्यात मोठा रकाना ‘कारण’, चार ओळींचा, त्याच्यापुढे चांदणी. चांदणी म्हणजे भरायलाच हवा. रिकामा रकाना असलेला अर्ज संगणक घेत नाही. आणि एकदा घेतला की तो त्या त्या केंद्राच्या प्रमुखाला दिसतो.

काल संध्याकाळी तो हे अर्ज घरी घेऊन गेला होता. जेवणाच्या टेबलावर त्यानं ते गठ्ठ्यागठ्ठ्यानं मांडले, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. बायको समोर बसून शेंगा सोलत होती.

“काय झालं? अडलंय कुठे?”

“कारण लिहायचंय.”

“मग लिहा की. तुम्हाला तर सगळ्यांची ठाऊक आहेत.”

“ठाऊक आहेत. पण ती माझी नाहीत गं.”

तिनं वर पाहिलं, आणि मग पुन्हा शेंगांकडे. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला एकदाही विचारलं नव्हतं, अमक्या सिस्टरला रात्रीची ड्यूटी का नसते, आणि त्यानं सांगितलं नव्हतं. ती वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करी. कुणी कुठलं पुस्तक नेलं ते तीही घरी बोलत नसे. या एका गोष्टीत दोघांचं छान जमत होतं.

चौतीस कारणं. काही अगदी साधी. रक्त तपासणाऱ्याला बुधवारी सकाळी उशिरा यायचं असतं, कारण तो पन्नासाव्या वर्षी पोहायला शिकतोय आणि लहान मुलांच्या वर्गात एकटा मोठा असल्यामुळे त्याला ते कुणाला कळू द्यायचं नाही. नदीकडच्या केंद्रातले डॉक्टर तर उलटी सवलत मागून गेले होते: शनिवारी त्यांना ड्यूटी हवीच. “शनिवारी घरी राहिलो की आमचं भांडण होतं हो, आणि ते रविवारभर पुरतं.” आणि काही कारणं... अशी की ती आठवतानाही त्याचा आवाज मनातल्या मनात खाली येई.

गुरुवारची सिस्टर. धरणाजवळच्या केंद्रात ती नऊ वर्षं आहे आणि नऊ वर्षांत गुरुवारी दुपारी तिला एकदाही ड्यूटी लागलेली नाही. त्या दुपारी ती बसनं दीड तास जाऊन एका म्हातारीला अंघोळ घालते, तिची नखं कापते, आठवड्याची औषधं डबीत भरून ठेवते आणि परत येते. ती म्हातारी तिची पहिली सासू. पहिलं लग्न मोडलं, नवरा कुठे गेला ते त्याच्या आईलाही माहीत नाही. दुसऱ्या घरी सगळं चांगलं आहे, पण पहिल्या घराचं नाव काढलेलं तिथे चालत नाही. “त्यांना दुसरं कुणी नाहीये, काका,” एवढंच ती बोलली होती, टेबलाच्या कडेला बोटानं कागद सरळ करत. आणि आता हा रकाना चार ओळींचा. तो दिसणार केंद्राच्या प्रमुखाला. आणि केंद्राची प्रमुख म्हणजे तिची सख्खी नणंद, दुसऱ्या घरची!

शेवटी शेंगा सोलून झाल्या तेव्हा त्यानं पेन्सिल उचलली आणि चौतीसच्या चौतीस अर्जांवर, प्रत्येक रकान्यात, सुवाच्य अक्षरात एकच लिहिलं. ‘माहीत आहे.’

*

कारण विचारायची त्यालाही एके काळी सवय होती. तो नवा होता, नियमाचं पुस्तक हाताशी असे, आणि कुणी टेबलाशी येऊन उभा राहिला की मान वर न करता तो विचारी, “कारण?” अशीच एकदा रुग्णवाहिकेचा एक ड्रायव्हर येऊन उभा राहिला होता, टोपी हातात, मोठा धिप्पाड माणूस.

“साहेब, सोमवारची सकाळ नको.”

“कारण?”

ड्रायव्हरनं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. खोलीत आणखी दोघेजण बसले होते. “राहू द्या,” तो म्हणाला, आणि गेला.

सात महिने तो माणूस सोमवारी सकाळी बिनतक्रार गाडी चालवत राहिला. एकही खाडा नाही. आणि मग एक दिवस सहज कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं की त्याचा धाकटा भाऊ तुरुंगात होता आणि तिथे भेटीची वेळ सोमवारी सकाळी, तेवढीच. सात महिने त्या भावाला वाटत राहिलं की दादानंही आपलं नाव टाकलं.

मी काय केलं तेव्हा? काही नाही. सोमवारच्या चौकोनातला ‘स’ पुसला. एवढंच करता येत होतं, ते केलं... आणि ड्रायव्हर पुढच्या महिन्याचा तक्ता बघून वर आला तो आभार मानायलाही नाही, नुसता दारात उभा राहून मान हलवून गेला. त्या मान हलवण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला नंतर कितीतरी वर्षं वाटे.

त्यानंतर त्यानं कारण विचारणं सोडलं. कुणी येऊन ‘मंगळवार नको’ म्हटलं की तो ‘बरं’ म्हणे, तो चौकोन बघे, आणि जमत असेल तर कोपऱ्यात पेन्सिलीचा एक ठिपका देई. ठिपका म्हणजे इथे हात लावायचा नाही. आणि गंमत अशी की विचारणं थांबलं तेव्हा लोक सांगू लागले. लगेच नाही. महिन्यानं, वर्षानं, कुणी कुणी तर पाच वर्षांनी. सहज आल्यासारखं करत, खुर्चीच्या कडेवर बसत, काटा अडकलेल्या वजनकाट्याकडे बघत. त्याला जिन्यावरच्या पावलांवरून कळू लागलं: शेवटच्या तीन पायऱ्यांवर ज्याची पावलं मंदावतात, तो काही मागायला किंवा सांगायला आलेला असतो. कागदावर फक्त ठिपके होते, बाकीचं त्याच्या डोक्यात, आणि डोकं तेवढ्यानं भरलेलं असायचं. भरलेल्या कपाटाचं दार जसं एका विशिष्ट आवाजात बंद होतं, तसं समाधान त्याला रोज घरी जाताना वाटायचं.

अकराला पाच कमी असताना जिन्यावर पावलं वाजली. शेवटच्या पायरीपर्यंत ती अगदी एकसारखी होती.

*

चाळिशीची बाई. खांद्याला संगणकाची पिशवी, हातात स्वतःचा डबा.

“तक्तेकाका म्हणजे तुम्हीच ना?”

“हो. या मॅडम. साहेबांच्या खोलीत बसू या का? तिथला पंखा चांगला आहे.”

“नको. तक्ता इथे आहे ना?”

ती बसलीच नाही. टेबलाला एक फेरी मारून तिनं तो कागद चारी बाजूंनी पाहिला, मग वाकून पाहिला, नाक टेकेल इतका जवळून. त्याला उगाचच लाजल्यासारखं झालं — कुणीतरी आपली वही वाचावी तसं.

“‘स’, ‘दु’, ‘रा’ कळलं. हे ठिपके कसले?”

“तिथे हात लावायचा नाही.”

“नाहीतर?”

“नाहीतर काही नाही. पण लावायचा नाही.”

तिनं खुर्ची ओढली, अर्जांचा गठ्ठा पुढ्यात घेतला. पहिला, दुसरा, तिसरा. मग भराभरा, पत्ते पिसल्यासारखे, शेवटपर्यंत. तो तिच्या चेहऱ्याकडे न बघता भिंतीवरच्या हातांकडे बघत राहिला.

“माहीत आहे, माहीत आहे, माहीत आहे...” ती म्हणाली. “चौतीस वेळा. कुणाला माहीत आहे?”

“मला.”

ती हसली. अगदी मोकळं हसली, आणि त्याच्याही छातीतलं काहीतरी सैल झालं, पण हसणं संपल्यावर तिनं अर्ज परत सारखे केले आणि विचारलं, “आणि उद्या तुम्ही नसलात तर?”

“निवृत्तीला अजून अकरा महिने आहेत.”

“निवृत्तीचं नाही विचारत मी. उद्या तुम्हाला ताप आला तर?”

“मला ताप येत नाही,” तो म्हणाला. आणि ते खरंही होतं, सहा वर्षांत नव्हता आला, पण मोठ्यानं म्हटल्यावर ते इतकं हास्यास्पद वाटलं की त्याला स्वतःलाच खोकला आला.

तिनं तक्त्यावर एका ठिकाणी बोट ठेवलं. कुठे ठेवलं ते त्यानं न बघताही ओळखलं. “या सिस्टर. मागचे तक्ते मी मागवून घेतले होते. नऊ वर्षांत गुरुवारची एकही दुपार नाही. उदाहरणादाखल यांचं तरी सांगा. मी कुठे लिहीत नाही.”

आणि त्याला सांगावंसं वाटलं! हेच त्याला नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं — किती सांगावंसं वाटलं ते. बाई समजूतदार होती. गोष्ट चांगली होती, ऐकणाऱ्याचे डोळे ओलावतील अशी, आणि ती सांगणारा मी, बावीस वर्षं तोंड बंद ठेवलेला. एकदा, एका चांगल्या माणसापाशी... दीड तासाची बस, म्हातारीची नखं. जिभेच्या टोकावर वाक्य तयार होतं.

“चांगलं कारण आहे,” तो म्हणाला.

“इतकंच?”

“इतकंच.”

ती चिडली नाही. खिडकीकडे बघत म्हणाली, “मी आधी सिस्टर होते. माहितीये तुम्हाला? माझ्या कार्यालयातही तुमच्यासारखे एक होते. भाऊ म्हणायचो आम्ही त्यांना. माझं बाळ आठ महिन्यांचं, घरी बघायला कुणी नाही, नवरा फिरतीवर. भाऊंनी मला रात्रपाळी लावलीच नाही. कधी बोलले नाहीत, कधी विचारलं नाही. मग एक दिवस ते जिन्यात पडले, मेंदूत रक्तस्राव, वाचा गेली. नव्या माणसानं तक्ता कोरा घेतला. मला सलग नऊ रात्री लागल्या. मी सांगायला गेले तर तो म्हणाला, याची कुठे नोंद नाही.” ती थांबली. “खोटं नव्हता बोलत. नव्हतीच.”

“मग?”

“मग काय? बाळाला सोबत नेलं. औषधांच्या खोलीत झोपवायचे. नऊ रात्री. सगळं नीट झालं, घाबरू नका. आता नववीत आहे. पण भाऊंवर मी खूप दिवस रागावले होते. आजारी माणसावर! की तुम्ही हे फक्त तुमच्या डोक्यात का ठेवलंत.”

खाली कुठेतरी रुग्णवाहिकेचं दार लागलं. डोकं भरलेलं असण्याचं ते समाधान — त्याच्याकडे त्यानं असं बाजूनं कधी पाहिलंच नव्हतं. मी हे त्यांच्यासाठी सांभाळत होतो, खरंच, पण जिन्यावर पावलं मंदावली की मला बरं वाटायचं, तेही खरं. त्यांना वर यावं लागायचं. माझ्या टेबलाशी उभं राहावं लागायचं. मी ‘बरं’ म्हणेपर्यंत त्यांचे डोळे माझ्या पेन्सिलीवर असायचे... त्या ड्रायव्हरचे होते तसेच. विचारलं नाही एवढाच फरक.

“रकानाच काढून टाकता येणार नाही का?” तो एकदम म्हणाला.

“कारणाशिवाय सवलत म्हटली की सगळेच मागतील.”

“मागू देत.” आवाज त्याचाच होता, पण शब्द तो ऐकणाऱ्यासारखे ऐकत होता. “सगळ्यांनाच द्या. प्रत्येकाला आठवड्यातली एक सकाळ नाहीतर एक दुपार. ज्याला जी हवी ती. का हवी, हे विचारायचंच नाही. कुणाला पोहायचं असेल, कुणाला झोपायचं असेल. रकान्यात फक्त वार लिहायचा.”

“एकावन्न केंद्रांत? तीनशे दहा माणसं आहेत, काका.” ती ‘काका’ म्हणाली हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. “बसेल असं वाटतं तुम्हाला?”

“माझ्या अकरांत बघू. बसलं तर तुमचं तुम्ही बघा.”

*

एरवी तो एक वाजता डबा खाई. त्या दिवशी दोघांनी डबे उघडले अडीचला, तेही तक्ता उलटा घालून, त्याच्या कोऱ्या पाठीवर. तोवर त्यांनी सात केंद्रं बसवली होती. तो पेन्सिलीनं कागदावर मांडे आणि ती संगणकावर. पाचव्या केंद्राला तो जिंकला, सहाव्याला ती. तिचं बोट कळांवरून झरझर फिरे आणि तो अजून मंगळवारीच असे. पण ती अडली की तो म्हणे, “त्या दोघींना एका वेळी नका ठेवू,” आणि ती ‘का’ म्हणायला तोंड उघडी आणि मिटे. हे तीन-चारदा झालं. चौथ्यांदा तो हसला आणि म्हणाला, “याचं कारण सांगतो. एकीला पंखा लागतो, दुसरीला सोसत नाही.”

दोन केंद्रं मात्र काही केल्या बसेनात. दोन-दोनच सिस्टर, एकीला अर्धा दिवस दिला की दुसरीवर दोन पाळ्यांचा भार. त्यातलं एक धरणाजवळचं. त्यानं तो भाग चारदा खोडला, कागद तिथे मऊ पडला, फाटायला आला.

“पलीकडून कुणी आणा की,” ती म्हणाली.

“पलीकडून कुठून?”

तिनं संगणक त्याच्याकडे वळवला. नकाशा होता. धरणाच्या खाली पूल, आणि पुलापलीकडे, तीन किलोमीटरवर, एक निळा ठिपका. तिथे चार सिस्टर होत्या. चार! दोघी तर दुपारी नुसत्या बसून असतात, ती म्हणाली, तिनं स्वतः पाहिलं होतं. ते केंद्र शेजारच्या कार्यालयाचं. त्या पुलावरून तो शेकडो वेळा गेला होता, त्या केंद्राच्या दारासमोर एकदा त्याच्या स्कूटरचं चाक पंक्चर होऊन तो अर्धा तास उभा होता — पण त्याच्या कागदाची कड धरणापाशी संपत होती, आणि कडेच्या पलीकडे काही असतं हे बावीस वर्षांत एकदाही त्याच्या पेन्सिलीला सुचलं नव्हतं. एक तारखेपासून ते केंद्र आणि हे केंद्र एकाच तक्त्यावर येणार होती.

“असं होय...” तो म्हणाला.

“असं,” ती म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावलं.

निघताना तिनं चौतीस अर्ज पिशवीत घातले नाहीत. “हे तुमच्याकडेच असू द्या. सोमवारी बैठक आहे, तिथे मांडते. मान्य होईल असा शब्द देत नाही. वरच्या लोकांना रिकामा रकाना बघवत नाही. नाहीच झालं तर हे भरावे लागतील, आणि तेव्हा ‘माहीत आहे’ चालणार नाही.”

“हो.”

“आणि झालंच, तर मला प्रत्येक केंद्रात जाऊन लोकांना विचारावं लागेल, कुठला वार हवा. तुम्ही याल बरोबर?”

तो येतो म्हणाला. मग म्हणाला, “पण मी बाहेर थांबेन.”

*

साडेचारला फोन वाजला. गुरुवारची सिस्टर. मागे पाण्याचा आवाज येत होता, बादलीत नळ सोडल्यासारखा, घुमणारा.

“काका, त्या मॅडम येऊन गेल्या म्हणे. माझा गुरुवार...?”

बावीस वर्षं असल्या प्रश्नाला त्याचं एकच उत्तर असे. आहे की, काळजी करू नका. ते तोंडात आलंही.

“अजून माहीत नाही,” तो म्हणाला. असं म्हणताना त्याला खुर्चीचे हात घट्ट धरावेसे वाटले, पण ते तितकं अवघड नव्हतं. मग त्यानं तिला सगळं सांगितलं: अर्धा दिवस सगळ्यांना, वार ज्याचा त्यानं ठरवायचा, सोमवारी बैठक, पुलापलीकडची सिस्टर. झालं तर मॅडम येतील आणि फक्त वार विचारतील.

“आणि का म्हणून विचारलं तर?”

“तर सांगायचं की नाही, ते तुमचं.”

पलीकडे नळ बंद झाला.

“तुम्ही सांगितलंत त्यांना?”

“नाही.”

“नाही ना.” तिनं श्वास सोडला. थोडा वेळ नुसतं ठिबकणं ऐकू येत राहिलं. “सगळ्यांनाच मिळणार असेल तर मग नणंदबाईही घेतील एक दुपार. त्यांनाही कुठे तरी जायचं असेल... नाही का? माझ्या कधी डोक्यातच आलं नाही.”

तेवढ्यात मागून एक म्हातारा, कुरकुरता, चांगला ठणठणीत आवाज आला. “अगं कुणाशी बोलतेस? पाणी निवलं!”

“आले, आले! कामाचा फोन आहे, आई,” सिस्टर म्हणाली, आणि फोन ठेवायचा विसरली असावी, कारण त्याला आणखी काही क्षण तांब्याचा आवाज ऐकू येत राहिला, आणि म्हातारी काहीतरी बोलली त्यावरचं त्या दोघींचं हसणं. त्यानंच हळूच फोन बंद केला.

*

घरी जाताना तो बाजाराच्या रस्त्यानं गेला नाही, शाळेच्या बाजूनं गेला. वाट लांबची होती. सोमवारी काय होईल याचा विचार तो करत होता असं त्याला वाटत होतं, पण मध्येच लक्षात आलं की आपण काहीच विचार करत नाही आहोत. डोक्यात ती सगळी माणसं होती, अजूनही, चौतीसच्या चौतीस. पण त्यांना त्यानं धरून ठेवलंय असं नव्हतं. ती आपापल्या जागी बसली होती, कुणी उठून गेली तरी चालेल अशी. आणि ती खरंच उठून गेली तर? जिन्यावर पावलं मंदावायची थांबली तर? अकरा महिने... ओकंबोकं वाटेल का? वाटेल, बहुतेक. त्यानं तो प्रश्न उचलून पाहिला आणि खाली ठेवला. टोचत नव्हता.

बायको ओट्याशी होती. त्यानं सांगितलं — एवढं सगळं त्यानं कार्यालयाचं कधीच सांगितलं नव्हतं. नावं नाहीत, कारणं नाहीत, तरी सांगण्यासारखं किती होतं! ताटं पुसता पुसता ती ऐकत राहिली. मॅडमच्या बाळापाशी तिचं फडकं थांबलं, पंख्याच्या कारणाला ती हसली.

“मग तुम्हालाही मिळणार का, अर्धा दिवस?”

“मला कशाला? मी केंद्रात थोडाच आहे?”

“सगळ्यांनाच म्हणालात ना?”

बावीस वर्षांत तक्त्यावर त्याचं स्वतःचं नाव कधी नव्हतं; तिथे त्याला चौकोनच नव्हता.

“मंगळवारची दुपार घ्या,” ती म्हणाली. “मंगळवारी वाचनालय बंद असतं, मी घरीच असते. नाहीतर नका घेऊ, एकट्यानं कुठेतरी जायचं असेल तर जा. मी विचारणार नाही.” तिनं हे इतक्या साळसूदपणे म्हटलं की ती चिडवते आहे की खरंच बोलते आहे ते त्याला कळेना.

तो खिडकीशी येऊन उभा राहिला. समोरच्या घराच्या भिंतीवर संध्याकाळचं ऊन शेवटच्या पट्टीएवढं होतं. दुपारी तीनला ते कुठे असेल? याच भिंतीवर, की अंगणात, की आत, आपल्या खोलीत थेट पलंगापर्यंत येत असेल? या घरात राहून एकोणीस वर्षं झाली आणि कामाच्या दिवशी दुपारी तीनला हे घर कसं दिसतं ते त्यानं पाहिलेलं नव्हतं. मंगळवार, बुधवार, शुक्रवार... त्यानं एकेक वार मनात हातात घेतला, आणि आश्चर्य म्हणजे ते सारखे नव्हते. बुधवार जरासा थंड लागला, शुक्रवार लांब. कुठला मागावा ते ठरेना. मंगळवार म्हणायला काय हरकत होती? बायको वाट बघत होती, फडकं वाळत घालायचं सोडून. “बघू,” तो म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला, सावकाश, घाई कसलीच नसल्यासारखा. काहीतरी मागण्याची ती अनोळखी, थोडी ओशाळी ऊब छातीत तशीच राहू देत...